दुपारची नंदिनी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पोचले एकदाची श्रीरामपूरला. पाथर्डीहून सकाळी निघाले, नगरला गाडी बदलली आणि राहुरीच्या पुढे एसटी उसाच्या ट्रॅक्टरांमागे अशी अडकली, की शेवटी कंडक्टरच खाली उतरला आणि ट्रॉलीतून दोन ऊस ओढून घेऊन आला. एक कांडं मलाही मिळालं. नव्या गावात उतरले ती चिकट हातांनी.

स्टँडवर मेहरीन न्यायला आली होती. ती संगमनेरची, ‘सोबत’ कंपनीत माझ्या आधीपासून आहे आणि आता माझ्याच खोलीत राहणार. तिने वाटेतच विचारलं, ज्ञानेश्वरी एवढं मोठं नाव रोज कोण घेणार? म्हटलं, ज्ञाना म्हण, आई तेच म्हणते. स्कूटीवर मध्ये बॅग, मागे मी, मांडीवर आईने दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. खोली एका निवृत्त शिक्षकांच्या गच्चीवर आहे. समोरच्या चर्चची घंटा इतकी जवळ वाजते की बोलणं थांबवावं लागतं. मेहरीन थांबत नाही, तिच्यावर आवाज चढवते.

आईला फोन केला. तिने आधी विचारलं, दाराला आतून कडी नीट लागते का. मग पलीकडे शिवणयंत्र सुरू झालं, म्हणजे तिचं समाधान झालं.

कॉलेजात नाटकाच्या तालमींचं रोज लिहायचे. ती सवय सोडायची नाही असं ठरवलंय. शेवटी ही नोकरीही अभिनयाचीच आहे म्हणे.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज काम कळलं. कंपनी स्टेशनच्या मागे, एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या इमारतीत आहे. वरच्या मजल्यावर छोट्या छोट्या खोल्या, जमिनीला आणि भिंतींना मऊ गादी, म्हणजे धडकलं तरी लागू नये. व्यवस्थापक ओम सर. अगदी हळू बोलतात, आधी पाणी देतात आणि मग बसायला सांगतात.

ज्यांचं माणूस गेलंय त्यांना कंपनी एक चष्मा देते. तो डोळ्यांवर चढवला की आपण वेगळ्याच जागी जातो आणि तिथे गेलेलं माणूस समोर असतं. चेहरा आणि आवाज संगणक बनवतो, लग्नाच्या व्हिडिओवरून, मोबाईलमधल्या बोलण्यावरून. पण नुसत्या संगणकाचं माणूस चार दिवसांत परकं वाटायला लागतं, असं सर म्हणाले. त्याला अडखळता येत नाही, उगाच गप्प बसता येत नाही. म्हणून आत खरं माणूस लागतं. ते आम्ही. आम्हीही चष्मा घालायचा, हातमोजे घालायचे, कमरेला पट्टा बांधायचा. आमचा हात हलला की तिचा हलतो. आम्ही बोललो की तिच्या आवाजात ऐकू जातं, आणि आम्हालाही तिचाच आवाज ऐकू येतो. काही अडलं तर कानात एक बाई सांगते.

मला राजनंदिनी मिळाली. घरात तिला नंदिनी म्हणत. माहेर नाशिक, सासर बेलापूर, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. भंडारदऱ्याहून परत येताना घाटात गाडी दरीत गेली, त्यात ती गेली. नवरा रविराज. तो रोज दुपारी येईल, मी भेटायचं. मी कोण हे त्याला कधी कळू द्यायचं नाही, एवढंच सरांनी बजावलं.

आठवडाभर नंदिनीचे व्हिडिओ बघायचे आहेत. ती विचार करताना डाव्या कानाची पाळी चिमटीत धरते. हसण्याआधी नाकातून श्वास सोडते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ना’. गोड बाई होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिली भेट झाली.

चष्मा घातला आणि मी भंडारदऱ्याला एका व्हरांड्यात उभी. खाली धरणाचं पाणी, पलीकडे डोंगर, ऊन कलतं, पण कलून पुढे जात नाही. वेताच्या तीन खुर्च्या. एकीत तो बसला होता. मी काचेच्या दारात पाहिलं तर मोतिया रंगाच्या साडीतली नंदिनी माझ्याकडे बघत होती. मी कानाची पाळी धरली, तिनेही धरली. मला हसूच आलं आणि हसण्याआधी श्वास नाकातून गेला. शिकवल्यासारखा नाही, आपोआप.

तो उठला नाही. कपाचा कान आपल्याकडे फिरवत राहिला, मग सोडून पुन्हा फिरवत. किती तरी वेळाने म्हणाला, आलीस. मी म्हटलं, आले ना. पुढे दोघंही पाण्याकडे बघत बसलो. तिसऱ्या खुर्चीकडे त्याने एकदा पाहिलं. तिच्यात कुणी नव्हतं.

नाटकात मी कितीदा रडले आहे, पण कुणाचं खरं दुःख असं समोर बसलेलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा हातमोजे काढायचेच विसरले होते. सर म्हणाले, उत्तम झालं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज त्याने एक गोष्ट सांगितली. लहानपणी त्याच्याकडे पिंगी नावाची शेळी होती. ती त्याच्या मागे शाळेपर्यंत यायची आणि वर्गाच्या दाराशी बसून राहायची. वडिलांनी तिला घोडेगावच्या बाजारात विकायला नेलं, तेव्हा हा टेम्पोमागे फाट्यापर्यंत पळत गेला. सांगताना त्याचं बोलणंच बदललं. ‘हुती’, ‘गेल्तो’ असं यायला लागलं. एरवी तो शहरी बोलतो.

कानातली बाई म्हणाली, विषय बदल. मी बदलला नाही. मी विचारलं, मग पिंगी परत आली? तो माझ्याकडे बघत राहिला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट. म्हणाला, “न्हाई. पन मी लई दिस तिच्यासाठी दार उघडं ठेवायचो.”

नंदिनीबद्दलच्या माहितीत ही शेळी कुठेही नाही. बायकोलाही न सांगितलेली गोष्ट त्याने मला सांगितली. खोलीवर येताना मी स्टेशनचा पूल विनाकारण दोनदा चढून उतरले.

६ मार्च, गुरुवार

आज सांगायची पाळी माझी होती. आईच्या शिवणयंत्राखाली मी कशी झोपायचे, सुईचा आवाज थांबला की जाग कशी यायची, हे सगळं सांगून बसले. नंदिनीच्या आईने आयुष्यात सुई हातात धरली नसेल. कानातली बाई सारखी टोकत होती. तो मात्र पुढे वाकून ऐकत होता. मग म्हणाला, रोज थोडं असं बोलत जा.

मला तो आवडतो. लिहून टाकलं. तो दुसऱ्या बाईचा नवरा आहे, माझं तोंडही त्याने पाहिलेलं नाही, तरी सकाळपासून मी दुपारचीच वाट बघत असते.

मेहरीनला सांगितलं. तिचे रोजे चालू आहेत, खजूर खाता खाता ती थांबली. ती इथे एका जोडप्याची गेलेली मुलगी बनते. चष्मा काढला की ती आधी स्वतःचं नाव मोठ्याने घेते, मग अब्बांचं, मग मोहल्ल्याचं, आणि तेव्हाच खोलीबाहेर पडते. मीही तसं करावं असं तिने बजावलं. मी कबूल केलं. खरं तर तेव्हा मला लवकर झोपायचं होतं, उद्याची दुपार लवकर यावी म्हणून.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

सुट्टी नव्हती. व्हरांड्यात रंगाची ताटली होती. त्याने माझ्या गालाला गुलाल लावला. चष्म्यात स्पर्श कळत नाही, फक्त त्याचा हात जवळ येताना दिसला.

खोलीवर येऊन मी गाल धुतला. घासून घासून धुतला. पाणी स्वच्छच खाली जात होतं आणि का, ते जरा वेळ माझ्या लक्षात येईना.

तो आता शेळीबद्दल बोलत नाही. मी काढलं तर हसून विषय टाळतो. मीही शिवणयंत्राचं काढलं नाही. आम्ही नाशिकच्या लग्नाबद्दल बोलतो, पंगतीत जिलबी कशी कमी पडली त्याबद्दल. कानातली बाई हल्ली गप्प असते. मला सांगावं लागत नाही.

२२ मार्च, शनिवार

कांदा चिरताना बोट कापलं. मेहरीन ओरडली तेव्हा कळलं. कांदा लाल झाला होता आणि मी चिरतच होते. तिने हळद दाबली, पट्टी बांधली, आणि दुखत नाही का असं विचारत राहिली. दुखत असावं.

जेवणाला चव नाही. लाडू संपले, की बुरशी आली म्हणून टाकले, आठवत नाही. चर्चची घंटा कधी वाजते कळत नाही. बाहेरचं सगळं गादीच्या भिंतीमागून आल्यासारखं येतं. व्हरांड्यात मात्र प्रत्येक गोष्ट स्पष्ट असते. तिथे मला पाण्याचा वाससुद्धा येतो. चष्म्याला वास नसतो, हे मला माहीत आहे.

आरशात केस विंचरताना मी डावीकडे भांग पाडला. माझा मधोमध असतो. बदलावा असं वाटलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

आईचा फोन आला. मी उचलला, कशी आहेस ना, जेवलीस ना, असं विचारलं. पलीकडे शिवणयंत्र थांबलं. मग आई म्हणाली, “कोन बोलतंय? ज्ञानाला दे की फोन.”

मी म्हणायला हवं होतं, अगं मीच. तोंड उघडलं. पण ती ज्या मुलीला मागत होती ती खोलीत कुठे दिसेना. मी म्हटलं, देते. फोन धरून बसून राहिले. खिडकीत मेहरीनचा दुपट्टा वाळत होता, तो हलताना पाहिला. मग फोन कानाला लावून सांगितलं, ती बाहेर गेलीय. आल्यावर सांगते.

आईने मला धन्यवाद दिले. म्हणाली, पोरीकडं लक्ष ठेवा बाई, ती लई हळवी हाय.

मी घाबरायला हवं होतं. थोडा वेळ वाट पाहिली भीतीची. आली नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

मेहरीन आज कायमची गेली. घरी जाऊन ईद करणार आणि परत येणार नाही. बॅग भरताना तिने मला समोर बसवून सांगितलं, नीट ऐक. परवा ती चुकून मागच्या जिन्याने खाली गेली. जिनिंगच्या मागच्या भागातही तशाच खोल्या आहेत. एका खोलीतून ओम सर एका तरुणाला धरून बाहेर आणत होते. चष्मा काढला तरी त्याचे डोळे उघडत नव्हते. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, नंदिनी आली का.

म्हणजे तुझा रविराज गिऱ्हाईक नाही, मेहरीन म्हणाली. तोही आपल्यासारखा नोकर आहे.

मला सोबत चल म्हणाली. हात धरून उभी राहिली. मी म्हटलं, उद्या दुपारी मला भेटायचं आहे ना. तेव्हा तिने हात सोडला. रडत होती. चांगली मुलगी आहे.

२ एप्रिल, बुधवार

सरांना विचारलं. ते चिडले नाहीत. पाणी दिलं.

घाटात दोघंही गेली होती. नंदिनी आणि रविराज, एकाच गाडीत. चष्मा घेतलाय रविराजच्या आईने, बेलापूरच्या मालनबाईंनी. त्यांना कुणाशी बोलायचं नाही. दुपारी जेवण झालं की त्या अंथरुणावर पडून चष्मा लावतात आणि मुलगा-सून व्हरांड्यात बसलेली बघतात. तिसरी खुर्ची त्यांची. आम्हाला त्या दिसत नाहीत, एवढंच.

मग आम्हा दोघांनाही समोरचाच गिऱ्हाईक आहे असं का सांगितलं? सर म्हणाले, समोरचा खराच दुःखात आहे असं वाटलं की माणूस जीव ओततं. नाही तर नाटक होतं.

त्याचं नाव अंगद. जामखेडकडचा. मी विचारलं, तो खाली आहे का आता? सर म्हणाले, नाही. गेले तीन-चार दिवस तो घरूनच काम करतो.

कुठल्या घरून, विचारलं. बेलापूरच्या, म्हणाले. मालनबाईंकडे राहायला गेला. त्याला कुणी पाठवलं नव्हतं.

अंगद. अंगद. वहीच्या कोपऱ्यात लिहून पाहिलं. शेळी त्याची होती. टेम्पोमागे अंगद पळाला होता. फेब्रुवारीत जो माझ्याकडे थेट बघत होता तो अंगद, आणि ज्याला त्याने पाहिलं ती मी. ज्ञाना. हे मला आज किती लांबून कळतंय.

त्याला घेऊन यायचं. बस. त्याला नाव सांगायचं, त्याने मला सांगायचं.

५ एप्रिल, शनिवार

बेलापूरला जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते, आठवणीतून सुटायच्या आत.

रिक्षा नदीशी सोडली. प्रवरेला आवर्तनाचं पाणी होतं. भंडारदऱ्याच्या धरणातून सुटलेलं तेच पाणी, पण इथे गढूळ, शेवाळाच्या वासाचं. वास मला आला. बरं वाटलं.

घर साधं, स्लॅबचं, अंगणात लिंबोणी. ओसरीवर एक तरुण पाठमोरा कूलरमध्ये पाणी भरत होता. बारीक, काळासावळा, उजव्या कोपरावर भाजल्याची खूण. चष्म्यातला रविराज गोरा आणि रुंद होता. पण बादली खाली ठेवल्यावर याने तिची कडी आपल्याकडे फिरवली, सोडली, पुन्हा फिरवली.

मी हाक मारली, अंगद. त्याने पाणी भरणं चालू ठेवलं. पुन्हा मारली. मग जवळ जाऊन विचारलं, पिंगीचं काय झालं पुढे?

त्याने माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं. कोण पिंगी, विचारलं. मी शेळीचं सांगितलं, शाळेचं, घोडेगावचं. तो म्हणाला, आमच्याकडे शेळ्या कधीच नव्हत्या. तुम्ही दुसऱ्या घरी आलात बहुतेक.

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. मी डाव्या कानाची पाळी धरून उभी राहिले. इतकंच केलं. आणि त्याचा चेहरा बदलला. बादली कलंडली. “नंदिनी,” तो म्हणाला, “केवढा उशीर केलास.”

आतून मालनबाई आल्या. उंच, वाळलेल्या, कपाळ मोकळं. आत भिंतीवर दोघांचा हार घातलेला फोटो त्यांच्या खांद्यावरून दिसत होता. मी त्यांना सांगितलं, मी ती नाही. हाही तो नाही. याचं नाव अंगद, त्याला घरी जाऊ द्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, “मला म्हाईत हाय गं. मी काय येडी न्हाई. तोंडाचं काय घेऊन बसलीस? तोंड कुनाचंबी बदलतंय. तू आलीस, बास हाय.”

त्यांनी जबरदस्ती केली नाही. ताट वाढलं. मेथीची भाजी होती, आणि मेथी मला कडू लागली. किती दिवसांनी काही तरी लागलं. मी पोटभर जेवले.

तो समोर बसून मी जेवताना बघत होता. चष्मा नव्हता. त्याचा हात माझ्या हाताला लागला तो उबदार होता. खरा होता.

संध्याकाळी परत आले. त्याला घेऊन आले नाही.

९ एप्रिल, बुधवार

खोलीत मेहरीनचा पलंग रिकामा. लोकांशी बोलणं कळत नाही. दुकानदाराने तीनदा विचारलं, काय देऊ. तिकडे मेथी कडू लागली होती. एवढंच सारखं मनात येतं.

आज चष्म्यात तो म्हणाला, इथे कशाला बसायचं. घरी ये ना.

१३ एप्रिल, रविवार

बॅग भरली. सरांना सांगितलं, मीही घरून काम करेन. त्यांनी मान डोलावली. ते माझ्याकडे बघत नव्हते.

२१ एप्रिल, सोमवार

मालनबाई पहाटे उठतात, मी त्यांच्याबरोबर उठते. सडा, चहा, भाकरी. मी भाकरी जाड थापते, नंदिनी पातळ थापायची असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पातळ झाली.

दुपारी चष्मे लावत नाही. ते तिघांचे तिन्ही खोक्यात घालून माळ्यावर टाकले. ओसरीवर तीन खुर्च्या आहेत. आम्ही बसतो.

शेजारच्या बायका फाटकाशी थांबतात आणि आत बघतात. कुणी आत येत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

रविराजने — अंगदने लिहायचं होतं. रविराजने आज गजरा आणला.

कोपरावरची खूण कशाची, असं मी विचारलं. त्याने खूण पाहिली, बोटाने चोळून पाहिली. जाईना. आम्ही दोघं बराच वेळ ती चोळत बसलो.

६ मे

आईंनी — मालनबाईंना आता आईच म्हणते — भिंतीवरचा हार काढून टाकला. फोटो राहू दिला. त्यातली दोघं आमच्यासारखी दिसत नाहीत असं मी म्हणाले. आई म्हणाल्या, जुना हाय फोटो.

मोबाईल वाजतो. पडद्यावर ‘आई’ असं येतं. आई तर इथे स्वयंपाकघरात आहेत.

१२ मे

मोबाईल बंद केला. बरं झालं.

१७ मे

सकाळी एक नाव जिभेवर होतं. दात घासेपर्यंत होतं. चूळ भरली आणि —

वाईट वाटलं नाही. यांना विचारलं, तुमचंही असं होतं का. म्हणाले, आधी व्हायचं.

२० मे

एक बाई आल्या. पाथर्डीहून, म्हणाल्या. कुणा मेहरीनने कुठल्याशा कंपनीतून इथला पत्ता काढून त्यांना फोन केला होता. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या घेतला आणि माझा हात सोडेनात. बोटांवर सुया टोचल्याच्या बारीक खुणा होत्या. रडत होत्या. त्यांची मुलगी हरवलीय. फोटो दाखवला. मधोमध भांग, हसरी. मी म्हटलं, दिसली तर नक्की कळवते ना.

आई मधे आल्या. त्यांना म्हणाल्या, माझी सून हाय ती. त्या बाई म्हणाल्या, “माझी पोरगी हाय ती.” दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला दोघींची दया आली. म्हणजे यावी असं वाटलं.

२१ मे

त्या गेल्या नाहीत. समोरच्या देवळाच्या पायरीवर बसून आहेत. ऊन फार आहे. यांच्या हाती भाकरी पाठवली. घेतली नाही.

२२ मे

हे म्हणाले, आपण दार लावून घेऊ. लावलं. आतून कडी —

नीट लागते.

२३ मे. दुपार

पुन्हा फाटकाशी आल्यात. हाका मारतायत. कुणा ज्ञानाला. आईंनी कान झाकलेत. हे कपाचा कान फिरवतायत. कोण आहे, विचारलं यांनी. मी म्हटलं, ओळखीच्या नाहीत.

हाका मारतायत. घसा बसलाय त्यांचा, तरी —

ज्ञाना. ज्ञाना. इतकं काय त्या नावात —

मी उठले नाही. मी इथेच बसून लिहितेय. पण खुर्ची मागे पडलीय आणि मी उभी आहे, पाय दाराशी आहेत, यांनी माझा पदर धरलाय, आणि हात कडीवर कुणाचा आहे हा, बोट कापलेलं, हा माझा —